व्हीसीएच पिअर्सिंग: शरीररचना, जखम आणि निगा

नीलमोहर:
माझे वय २९ आहे. क्लिटोरिसवर त्वचेचे जे आवरण असते त्यातून उभे जाणारे, व्हीसीएच या नावाने ओळखले जाणारे पिअर्सिंग करून घेण्याचा माझा विचार आहे. यात सुई प्रत्यक्ष क्लिटोरिसमधून जाते का, जखम भरायला किती काळ लागतो आणि पाळीच्या दिवसांत काय करावे? नाक टोचले तेव्हा आईने हळद आणि खोबरेल तेल लावले होते. तसे येथे चालेल का?

शमीवृक्ष (स्त्रीरोगतज्ज्ञ):
सुई फक्त वरच्या आवरणातून जाते, क्लिटोरिसमधून नाही. क्लिटोरिसमधूनच केले जाणारे पिअर्सिंग वेगळे असते; त्यात मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका असल्याने मी ते कोणालाही सुचवणार नाही.

व्हीसीएचसुद्धा प्रत्येकीला करता येत नाही. आवरणाखाली पुरेशी जागा आहे की नाही, हे कापूस गुंडाळलेली काडी वंगण लावून हळुवार आत सरकवून पाहतात; ती सहज सरकली तरच दागिन्याला जागा मिळते. जागा नसताना आग्रहाने केलेले छिद्र दुखत राहते, आणि कधीकधी शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलते. म्हणून तपासणीनंतर ‘तुमच्या रचनेला हे योग्य नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्या व्यक्तीवर अधिक विश्वास ठेवावा. गरोदरपणात, अनियंत्रित मधुमेह असताना किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना हे करू नये. धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का, तेही पाहून घ्यावे.

हळद आणि तेल कृपया लावू नका. तेलाचा थर जखमेवर ओल आणि मळ धरून ठेवतो, आणि हळदीची पूड निर्जंतुक नसते. डेटॉल, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नव्याने भरणाऱ्या पेशींनाच इजा होते.

जाईजुई:
मी हे करून घेतले आहे. तेथील त्वचा पातळ असून रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे जखम साधारण ४ ते ८ आठवड्यांत भरते. बेंबीच्या जखमेला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पहिले काही दिवस थोडे रक्त येणे आणि नंतर पांढुरका स्राव वाळून पापुद्रा धरणे स्वाभाविक आहे. निगा म्हणाल तर आधी हात साबणाने धुवावेत, दिवसातून एक-दोनदा ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनने तो भाग धुवावा, स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडा करावा आणि नंतर त्याला हात लावू नये. दागिना फिरवत राहण्याची आपल्याकडची सवय येथे अपायकारकच ठरते. पाळीत पॅड वेळेवर बदलावा आणि पाण्याने धुणे वाढवावे. सुती, सैल अंतर्वस्त्रे वापरावीत. पोहणे आणि सायकल काही आठवडे टाळावी.

दागिना इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवण्यायोग्य टायटॅनियमचा, किंचित वाकवलेल्या दांडीचा असावा. स्वस्त धातूंत निकेल असू शकते आणि त्याची अनेकींना ॲलर्जी असते. सुई एकदाच वापरायची, सीलबंद आणि आपल्यासमोर उघडलेली हवी. कान टोचण्याची बंदूक येथे मुळीच चालत नाही.

नीलमोहर:
मनःपूर्वक आभार. संसर्ग झाल्यास दागिना लगेच काढावा का? आणि शरीरसंबंध कधीपासून ठेवता येतील?

शमीवृक्ष:
दागिना स्वतःहून काढू नका. तो काढल्यावर छिद्राची तोंडे मिटतात आणि पू आतच साचून गळू होऊ शकते. लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल, दुर्गंधीयुक्त पू किंवा ताप येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लाज वाटून मलमावर दिवस काढलेल्या रुग्णा पाहिल्या की मला फार वाईट वाटते.

शरीरसंबंध जखम पूर्ण भरेपर्यंत टाळलेले उत्तम. तोपर्यंत दुसऱ्याची लाळ किंवा वीर्य त्या जागी लागू देऊ नये, आणि भरल्यानंतरही सुरुवातीला कंडोम वापरावा. पुढे कधी शस्त्रक्रिया, एमआरआय किंवा बाळंतपण असेल, तर दागिन्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगावे.