मदत हवी आहे: थंडीत खोली ऊबदार ठेवू की हवेशीर?

नमस्कार मंडळी. शिकायला घराबाहेर पडल्यावरचा हा माझा पहिलाच हिवाळा. कपड्यांचं जमलंय, एकाच जाडजूड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे पडतात, कारण मधल्या हवेत ऊब अडकून राहते. अडचण खोलीची आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं. खिडकी बंद ठेवली तर कसंबसं तेवढं टिकतं, पण सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ येतात आणि पलंगामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरायला लागलीये. धुतलेले कपडेही आतच वाळतात, मग ती ओल जाणार कुठे? खिडकी उघडावी तर बोटं इतकी आखडतात की टाइप करवत नाही. दिवसातून दोनदा थोडा वेळ सताड उघडून परत लावली तर भागतं का, की कायम फट ठेवावी? बुरशी पुसली तरी परत येते, त्यावर काय करता? हीटरला परवानगी नाही, हे आधीच सांगते.

दुसरं म्हणजे मरगळ. तास संपेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि पांघरूण घेऊन अभ्यासाला बसलं की थोड्याच वेळात मी घोरायला लागते. (झोप झकास लागते, पण परीक्षा तोंडावर आहे!) सकाळच्या उजेडात चालल्याने तरतरी येते हे माहितीये, पण उठवत नाही हीच तर बोंब. मैत्रिणींसोबत ठरवून फिरायला जाणं कुणाला टिकवता आलंय का? कसं?