एक डिसेंबरच्या फलकावर नेमके काय लिहावे?

नायगावकर:
जागतिक एड्स दिनानिमित्त आमच्या मंडळातर्फे दादर स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फलक लावायचा आहे. कच्च्या मजकुरात कवटीचे चित्र असून त्याखाली ‘एड्स म्हणजे मृत्यू’ अशी ओळ आहे. धाक दाखवल्याशिवाय तरुण मुले ऐकत नाहीत, असे आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे मत आहे. मला ते पटत नाही; परंतु लोकल पकडण्याच्या घाईत असलेल्या माणसाला चार ओळींत काय सांगावे, हेही सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुपदेशक ताई:
कवटी काढून टाका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात काम करते. आमच्या दारात आलेला माणूस पुष्कळदा केसपेपर पुढे सरकवून ‘डॉक्टरांनी ती टेस्ट सांगितली आहे’ एवढेच हळू आवाजात म्हणतो आणि मागे कोणी ओळखीचे उभे नाही ना, हे पाहून घेतो. मरणाची भीती घातली की असा माणूस चाचणीलाच येत नाही, आणि निदान लांबले की त्याची प्रकृती ढासळतेच, शिवाय नकळत जोडीदारालाही लागण होण्याचा धोका वाढतो.

शिवाय ती ओळ आता खरीही नाही. सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे एड्सच्या एचआयव्ही विषाणूला रोखणारी औषधे 2004 पासून मोफत मिळतात आणि 2017 पासून सीडी-4 पेशी (रोगप्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या रक्तातील पेशी) कितीही असल्या तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली आले आणि तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी फार थोड्यांना आधीपासून ठाऊक असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. फलकावर एकच वाक्य मावणार असेल, तर हे लिहा.

परळचा जुना रहिवासी:
2002 च्या अखेरीस मुंबईभर ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ असे फलक झळकले होते, ते अनेकांना आठवत असतील. कोण हा बलबीर, या कुतूहलामुळे पानाच्या गादीवरही हा विषय निघू लागला, आणि उपदेशापेक्षा प्रश्न अधिक काम करतो, हे मला तेव्हा पटले. मात्र त्यात वेश्याव्यवसायातील स्त्रीकडे बोट दाखवले गेले, अशी टीकाही झाली होती आणि ती मला रास्त वाटते. आपल्या फलकाने कोणत्याही वस्तीवर वा समाजघटकावर ठपका ठेवू नये.

नाव नको:
मी बरीच वर्षे गोळी घेऊन नोकरी करतो आहे. तुमचा फलक माझ्यासारखेही वाचतील, एवढे ध्यानात असू द्या. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण आणि उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे आणि आमच्या संमतीवाचून आमची माहिती उघड करता येत नाही, हेही कोठेतरी यावे.

नायगावकर:
सर्वांचे आभार. नवा मजकूर असा केला आहे: ‘तुम्ही एचआयव्हीची चाचणी केली आहे का? सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि गोपनीय राहते. उपचारही मोफत आहेत. नियमित औषधांनी विषाणू आटोक्यात राहिला, तर जोडीदाराला लागण होत नाही.’ कायद्याविषयीची माहिती वेगळ्या पत्रकात देऊ. काही राहिले आहे का?

समुपदेशक ताई:
मजकूर उत्तम झाला आहे. ‘आटोक्यात’ऐवजी ‘चाचणीत न दिसण्याइतका कमी’ असे नेमके लिहा. पत्रकात आणखी दोन गोष्टी घ्या: जोखमीच्या संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, आणि जोखीम नुकतीच घडली असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे, कारण लागण टाळण्याची औषधे तेवढ्याच अवधीत सुरू करता येतात. राष्ट्रीय मदतवाहिनीचा 1097 हा मोफत क्रमांक मंडळाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापा.