‘कॉल ऑफ द व्हॅली’ क्रमानेच का ऐकावी?

प्रश्न:
वडिलांनी त्यांच्याकडची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या शास्त्रीय वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेची जुनी तबकडी नुकतीच मला दिली. आजवर मी ती मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो; कधी पहाडी राग आधी लागे, कधी भूप. तबकडी देताना मात्र ‘पहिल्या बाजूपासूनच लाव’ असे त्यांनी बजावले. या क्रमाला एवढे महत्त्व का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
आपल्या वडिलांचे म्हणणे अगदी योग्य आहे. १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेली ही रचना म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे, आणि तो सांगायला शब्द नसल्यामुळे वेळ कळते ती रागांवरूनच. पहाटे अहिर भैरव आणि नट भैरव, दिवस चढल्यावर पिलू, तबकडी उलटली की दिवेलागणीनंतरचा भूप, मग देस आणि अखेरीस पहाडी. पिलू संपून सुई खरखरू लागते, आपण उठून बाजू बदलतो, आणि तेवढ्या अवधीत खोऱ्यात रात्र उतरलेली असते. मोबाइलवर हा अवकाश मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद २:
क्रमाइतकेच वाद्यांकडेही लक्ष द्यावे. संतूरच्या तारांवर लाकडी कलमांनी आघात होतो, त्यामुळे प्रत्येक सूर सुटा पडतो; या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, कशी निघणार, हा आक्षेप इथे संतूर वाजवणाऱ्या पं. शिवकुमार शर्मा यांना सुरुवातीपासून ऐकावा लागला होता. इथे त्या सुट्या थेंबांच्या शेजारी पं. ब्रिजभूषण काबरा यांची मांडीवर आडवी घेतलेली गिटार आहे, जिच्या तारेवरून धातूची कांडी सरकते आणि सूर न तुटता वाहतो, आणि दोघांमध्ये पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीचा श्वास आहे. तिघेही तेव्हा जेमतेम तिशीचे होते. गिटारीचा वाटा हल्ली फारसा कोणी बोलून दाखवत नाही. माझ्या मते तिच्याशिवाय ही तबकडी अर्धीच राहिली असती.

प्रतिसाद ३:
आणखी दोन मराठी नावे आवर्जून घ्यायला हवीत. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, आणि निर्माते आहेत एच.एम.व्ही. या ध्वनिमुद्रिका कंपनीचे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताला घरोघरी पोहोचवणारे तेच हे जोशी. रानातून ऐकू येणारी प्रियकराची शीळ ज्यांनी तरुणपणी गायिली, त्यांच्याच देखरेखीखाली पुढे मेंढपाळाची ही बासरी ध्वनिमुद्रित व्हावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक सूचना. नंतरच्या एका सीडीत याच कलाकारांचे आणखी काही तुकडे शेवटी जोडलेले आहेत. ते सुंदर आहेत, पण पहिल्यांदा ऐकताना पहाडीपाशीच थांबावे.