जुनं, गजबजलेलं मेडिकल कॉलेज की नवं, लहान वर्गांचं?

केतकीवन
धाकट्या बहिणीला दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळतोय आणि आठवड्याभरात ठरवायचं आहे. फी आणि अंतर जवळपास सारखं, त्यामुळे ते मुद्दे बाजूला ठेवू.

पहिलं कॉलेज जुनं. रुग्णालय प्रचंड, ओपीडीला रांगा. पण वर्गही प्रचंड, वर्षभर लेक्चरं आणि प्रत्येक परीक्षेनंतर क्रमवारी. दुसरं नवं. आठ-आठ मुलांचे गट, पहिल्या महिन्यापासून एखाद्या रुग्णाची कहाणी समोर ठेवून तिच्यातून शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकवतात, पुतळ्यांवर सराव करायची सिम्युलेशन लॅब उत्तम. रुग्णालय मात्र लहान, निम्म्या खाटा रिकाम्या.

माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. बहीण हुशार आहे, पण गर्दीत तोंड उघडत नाही. मोठ्या वर्गात ती पाच वर्षं शेवटच्या बाकावर काढेल अशी मला भीती वाटते.

बाह्यरुग्ण
ताई, मी फिजिशियन आहे, बरीच वर्षं झाली. डोळे मिटून पहिलं कॉलेज घ्या.

वैद्यक रुग्णाजवळ शिकायचं असतं. डॉक्टर विल्यम ऑस्लरने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून वॉर्डात नेलं, त्याला सव्वाशे वर्षं झाली. तिथे त्यांना केवळ बघायला नेलं नव्हतं, त्यांच्याकडे रुग्ण सोपवले होते. प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असणारं इंद्रिय, हाताला लागणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नाही. दहा-बारा पोटं तपासल्यावर एके दिवशी श्वासाबरोबर काहीतरी खाली सरकून बोटांना टेकलं, तेव्हा कळलं. पुतळ्याची प्लीहा नेहमी एकाच जागी सापडते. आणि रात्री अडीचला दम लागलेला माणूस तुमचा हात घट्ट धरतो, ते कुठल्या लॅबमध्ये शिकवणार?

कडेची खाट
बाह्यरुग्ण, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मला हे अर्धंच पटतं. मी अशाच मोठ्या रुग्णालयात शिकले आणि आता शिकवते.

आमच्या वेळी एका खाटेभोवती तीस-पस्तीस जण असायचे. मागच्या रांगेला पुढच्यांचे पांढरे कोट दिसायचे. सर म्हणाले, "यकृत दोन बोटं लागतंय," म्हणजे बरगडीखाली दोन बोटं उतरलंय. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहिलं, "यकृत दोन बोटं." माझ्या हाताला ते लागलंच नव्हतं, आणि तसं म्हणायची हिंमत नव्हती. इंटर्न होईपर्यंत मी यकृत तपासायला चुकीच्या जागेपासून सुरुवात करत होते आणि ते एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. तोपर्यंत शेकडो रुग्ण माझ्यासमोरून गेले होते.

नुसत्या अनुभवाने कौशल्य येतं असं धरून चालू नका. डॉक्टरांच्या सेवेची वर्षं आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एक मोठा आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त अभ्यासांत वर्षं वाढली तशी कामगिरी घसरलेली दिसली. चूक दाखवणारं कोणी नसेल तर माणूस तीच चूक सफाईने करायला शिकतो.

तिसरी घंटा
लहान गटांची पद्धत काल-परवाची नाही. कॅनडातल्या मॅकमास्टरने 1969 साली तिच्यावरच कॉलेज सुरू केलं, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने 1974 साली ती उचलली. 1993 साली तिच्यावर दोन मोठे आढावे आले. त्यांचा सूर साधारण असा की ही मुलं मूलभूत विषयांच्या परीक्षेत किंचित मागे पडू शकतात, पण रुग्णासंबंधीच्या कामात मागे नसतात आणि शिकताना जास्त समाधानी असतात. म्हणजे ना चमत्कार, ना खेळ.

क्रमवारीचा मुद्दा मात्र हलका समजू नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने सुरुवातीच्या वर्षांत गुणश्रेणी काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मुलांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि अभ्यास ढासळला नाही. न बोलणाऱ्या मुलीसाठी हा फरक मोठा आहे.

उंबरठा
एवढी चर्चा कशाला? जुन्या कॉलेजचं नाव आहे, पीजीला आणि नोकरीला नाव कामी येतं.

कडेची खाट
नाव पहिल्या मुलाखतीपर्यंत कामी येतं, हे खरं. पण तुमच्यामुळे एक गोष्ट आठवली. केतकीताई, नव्या कॉलेजची किती बॅच बाहेर पडल्या? एकही पडली नसेल तर मान्यतेची कागदपत्रं स्वतः वाचा आणि जिथे पुढे काम करायचं तिथे ती पदवी चालते का ते पाहा. इथे गडबड असेल तर माझे वरचे सगळे मुद्दे मीच मागे घेते.

आणि माहितीपत्रकावर जाऊ नका. वैद्यकीय शिक्षणावरच्या 1910 च्या अहवालासाठी अब्राहम फ्लेक्सनर हा शिक्षणतज्ज्ञ अमेरिका आणि कॅनडातली 155 कॉलेजं बघत फिरला, तेव्हा छापील दावे आणि प्रत्यक्षातली प्रयोगशाळा यांत किती अंतर असतं ते त्याने उघडं केलं. तुम्हाला दोनच बघायची आहेत. कामाच्या दिवशी सकाळी दहाला वॉर्डात जा.

बाह्यरुग्ण
यकृताची गोष्ट वाचून थांबलो. माझ्या बाबतीत चूक दाखवणारा एक रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर, होता. रात्री काम संपल्यावर तो मला परत त्याच रुग्णाकडे न्यायचा, रुग्णाची परवानगी घ्यायचा आणि माझा हात धरून योग्य जागी ठेवायचा. मी कॉलेजला श्रेय देत आलो, त्यातलं बरंच त्याचं आहे. तरीही सांगतो, रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात उत्तम शिक्षकसुद्धा काय दाखवणार?

केतकीवन
दोन्ही ठिकाणी जाऊन आले. नव्या कॉलेजच्या दोन बॅच बाहेर पडल्यात, मान्यता पक्की आहे.

दोन्हीकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकच प्रश्न विचारला: "गेल्या महिन्यात तू रुग्ण तपासत असताना कोणी शेजारी उभं राहून पाहिलं का?" जुन्या कॉलेजात एक मुलगी म्हणाली, दोनदा, दोन्ही वेळा रात्री, रेसिडेंटने. बाकी तिघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. नव्या कॉलेजात सगळे म्हणाले, दर आठवड्याला. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांवर असतं. खऱ्या रुग्णावर महिन्यात एकदा. मात्र शेवटची दोन वर्षं ते एका मोठ्या रुग्णालयात पाळीने जातात, हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

मी अजून नव्याच्याच बाजूने आहे. बहीण वॉर्डातून बाहेर येताना म्हणाली, "ताई, त्या रात्रीच्या मुलीचा नंबर घेतलास का?"

बाह्यरुग्ण
नंबर द्या तिला. पहिल्याच महिन्यात त्या मुलीबरोबर एक रात्र वॉर्डात थांबू दे.

कडेची खाट
थांबू दे. पण त्या दोन रात्रींच्या भरवशावर पाच वर्षं काढायची का, हे प्रवेश घेण्याआधी तिला विचारा. मी तिच्यासारखीच गप्प बसणारी होते, म्हणून म्हणते.