घरच्या गॅरेजात पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा) काढायलोय, कुणाला अनुभव आहे काय?

खानापूरकर:
जुनी बोलेरो आहे. दर आठवड्याला जांबोटीवरून चोर्ला घाट, त्यामुळं खालून काही ना काही सुटतंच. जॅक लावून पाठीवर झोपायचं आता पन्नाशीत जमंना. गवंडी म्हणतो, साडेचार इंची विटांची भिंत घालू, आतून गिलावा मारू, ५ फूट खोल पुरे. जागा घराच्या भिंतीपासून २ फुटांवर. बरोबर आहे काय?

उद्यमबाग_फिटर:
थांब मर्दा! असलाच पिट मी वडगावात काळ्या मातीत बांधलेला. पहिल्याच पावसात माती फुगली अन् भिंत गरोदर बाईसारखी आत आली. पुढच्या वर्षी बेडूक. मग फोडून आरसीसी केला.

रुंदी आतून अडीच फूट, जास्त नको, चाक आत जाईल. खोलीचा हिशोब: तुझ्या उंचीतून गाडीखालची मोकळी जागा वजा कर, दोन इंच वर धर. काठाला लोखंडी अँगल आणि त्यात बसणाऱ्या दोन इंची फळ्या. काम नसलं की झाकायचाच. माझ्यात एकदा शेजाऱ्यांचं वासरू पडलं. ते कसं काढलं ते विचारू नको.

निपाणी_सिव्हिल:
२ फुटांवर ५ फूट खणलं तर घराचा पायाच उघडा पडेल. पिटाच्या तळापेक्षा पाया जेवढा वर राहील, निदान तेवढं तरी लांब सरका.

आणि पाण्याची उचल बघा. बाहेरून १२ फूट लांब, साडेतीन रुंद, साडेपाच खोल म्हणजे २३१ घनफूट. काठापर्यंत पाणी चढलं तर साडेसहा टनांची उचल. सहा इंची काँक्रीटच्या पिटाचं वजनही जवळपास तेवढंच भरतं, विटांचा तर होडीगत वर येईल. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर काढून त्यावर माती दाबावी लागते. जुलैत आडात पाणी कुठं असतं?

उद्यमबाग_फिटर:
एक राहिलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात जाऊन बसते. एलपीजीचंही तसंच. तुझी गाडी डिझेलची, पण स्कूटर त्याच गॅरेजात लावत असशील. आत उतरल्यावर विडी नाही, वेल्डिंग नाही, वर इंजिन चालू नाही. दिवा १२ व्होल्टचा बंद काचेचा, बॅटरी वरच ठेव. घरातली वायर ओढून बल्ब खाली सोडू नको.

खानापूरकर:
आत्ताच आडात डोकावून आलो. दगडावर शेवाळाची खूण जमिनीपासून चार फूट खाली आहे. म्हणजे मी पिटात उभा राहिलो तर गुडघ्याखाली पाणीच.

घरामागं उतार आहे. तिथं चिऱ्याच्या दोन भिंती घालून गाडी वर चढवली तर?

उद्यमबाग_फिटर:
हे बेस. पाणी आपोआप जाईल, वाफ साठणार नाही. फक्त टोकाला चाक अडायला जाड लोखंडी चॅनेल पुरून घे, अन् हँडब्रेकवर विसंबू नको, चाकामागं ओंडका लाव.

खानापूरकर:
गवंड्याला अजून सांगितलं नाही. उद्या सकाळी सातला खणायला यायचाय.