‘व्हर्च्युअल’ संस्था : आभासी म्हणावी का?

विचारणा
व्यवस्थापनाच्या पाठात ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानामुळे संस्था आभासी होत जातात’ असं वाक्य आहे. ‘आभासी संस्था’ वाचलं की कागदोपत्री उभी केलेली, बोगस संस्था डोळ्यांसमोर येते. याहून नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. ‘आभास’ म्हणजे दिसतं, पण नसतं. हेत्वाभास (तर्कातलं फसवं कारण) हे खरं कारण नसतंच आणि विरोधाभासात खरा विरोध नसतो. शाळेत ‘आभासी’ भेटतो तो प्रकाशाच्या धड्यात. सपाट आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, कारण किरण आरशामागे एकत्र येतच नाहीत, तिथून आल्यासारखे वाटतात. तिथे शब्द चपखल बसतो.

मूळ इंग्रजी शब्द लॅटिन ‘विर्तुस’ (बळ, गुण) यावरून आला. ‘रूपाने तसं नाही, पण परिणामाने तेच’ हा त्याचा अर्थ. संगणकातली व्हर्च्युअल मेमरी या अर्थाची आहे. १९६२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात प्रोग्रॅमला एकच सलग मेमरी दिसे. प्रत्यक्षात तिची काही पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) मुख्य मेमरीत आणि काही चुंबकीय ड्रमवर असत. पण ठेवलेला आकडा परत तोच मिळे, यात आभास कसला? व्हर्च्युअल संस्थाही याच जातीची. तिथे घेतलेले निर्णय आणि दिलेले पगार खरेच असतात, नसते ती फक्त एक इमारत.

प्रतिसाद २
शब्द ठरवण्याआधी पाठात नेमकं काय अभिप्रेत आहे ते पाहा. या एका विशेषणाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

संस्था एकच, माणसं ठिकठिकाणी : ‘दूरस्थ’ किंवा ‘विखुरलेली संस्था’.

अनेक स्वतंत्र संस्था एका कामापुरत्या जोडल्या जातात. एक आराखडा करते, दुसरी उत्पादन, तिसरी वितरण, आणि ग्राहकाला सगळं मिळून एकच नाव दिसतं. काम संपलं की जोडणी सुटते. हिला ‘दूरस्थ’ म्हणणं चूक, कारण इथे मुद्दा अंतराचा नसून तात्पुरत्या जुळणीचा आहे. ‘जाळेबद्ध संस्था’ चालेल. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बहुधा हाच प्रकार अभिप्रेत असतो.

तिसरं, भाड्याने घेतलेला पत्ता आणि टपाल-फोनची सोय, म्हणजे व्हर्च्युअल ऑफिस. ही सेवा आहे, संघटनेचा प्रकार नव्हे.

विचारणाकर्ता
‘विकेंद्रित’ कसा वाटतो? किंवा ‘कल्प’ लावून ‘संस्थाकल्प’?

प्रतिसाद १
‘कल्प’ प्रत्यय पाणिनीने (५.३.६७) ‘किंचित अपुरं’ या अर्थी सांगितला आहे. मृतकल्प म्हणजे जवळजवळ मेलेला. त्या हिशेबाने संस्थाकल्प म्हणजे संस्था व्हायला थोडी कमी पडलेली! पुन्हा तोच दोष.

प्रतिसाद ३
‘विकेंद्रित’ नकोच. तो शब्द अधिकारांबद्दल आहे, अंतराबद्दल नाही. माणसं पाच देशांत आणि प्रत्येक मंजुरी एकाच वरिष्ठाकडे, ही संस्था विखुरलेली आहे, पण पूर्ण केंद्रित. आणि कामं तुंबतात ती इथेच. दोन ठिकाणच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असेल तर एका होकारासाठी सहज एक दिवस जातो.

वाक्यातलं ‘होत जातात’ मात्र जपा. नुसते व्हिडिओ कॉल सुरू केल्याने संस्था व्हर्च्युअल होत नाही. आधी कागदपत्रं सामायिक जागी जातात आणि प्रत्येक दस्तऐवजाची एकच अधिकृत प्रत राहते. मग इमारतीच्या दाराचं काम खातं, पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी करू लागतात. शेवटी निर्णय लेखी होतात, म्हणजे कोणी, कधी, कशाच्या आधारे घेतला ते गैरहजर माणसालाही वाचता येतं. हा शेवटचा टप्पा राहिला की कॉलवर ठरलेलं दुसऱ्या दिवशी दोघांना दोन तऱ्हांनी आठवतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नोकरी सोडलेल्याचे प्रवेशाधिकार चालूच राहणं. इमारतीची किल्ली परत घ्यायचं लक्षात राहतं, खातं दिसत नसल्याने विसरतं.

उदाहरण हवं असेल तर इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणारी आयईटीएफ घ्या. १९८६ पासूनची ही संघटना औपचारिक सदस्यत्वाशिवाय चालते. वर्षातून तीनदा बैठका होतात, पण तिथल्या सहमतीवर शिक्कामोर्तब ईमेल-यादीवर होतं. बैठकीला न आलेल्याचा आक्षेपही मोजला जावा, हा त्यामागचा हेतू. हिला ‘आभासी’ म्हणवेल का?

प्रतिसाद २
सरकारी बातम्यांतला ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे बैठक’ हा प्रयोग पाहा. बैठक खरीच राहते, बदललेलं फक्त साधन सांगितलं जातं. ‘आभासी बैठक’पेक्षा तो कितीतरी नेमका आहे. तुमचं वाक्यही तसंच करता येईल : ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानामुळे संस्थांचं कामकाज एका वास्तूवर अवलंबून राहत नाही.’ पारिभाषिक नाव द्यावंच लागलं तर पहिल्या उल्लेखात ‘जाळेबद्ध (व्हर्च्युअल) संस्था’ लिहा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘आभासी संघटन’ येत असेल, तर तळटीपेत तोही द्या, नाहीतर विद्यार्थी अडेल.