'पंधरा आवृत्त्या झाल्या असतील तर डोळे झाकून घ्या' हा सल्ला नव्या वाचकाला देऊ नका

दप्तरदार

'काय वाचावं' या धाग्यावर एका नव्या वाचकाला सल्ला मिळालाय: आवृत्त्या मोजा, पंधराच्या वर असतील तर डोळे झाकून घ्या. मराठ्यांचा इतिहास हवा असेल तर तीन-चार गाजलेल्या कादंबऱ्या पुरे, तळटीपांची पुस्तकं अभ्यासकांसाठी. चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आवृत्तीच्या आकड्यावरून फार तर एवढंच कळतं की पुस्तक पुन्हा छापलं गेलं. एक आवृत्ती पाचशे प्रतींची असते, हजाराची असते, तीन हजारांचीही असते आणि हा आकडा बहुतेक पुस्तकांत छापलेलाच नसतो. पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यांतला फरकही फारसा कुणी पाळत नाही. एक काना-मात्रा न बदलता छापलं तरी 'आठवी आवृत्ती'.

आता संभाजी महाराजांचं बघा. व्यसनी, बेजबाबदार राजा ही प्रतिमा मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीवरून पसरली. बखर 1810 च्या आसपासची, महाराजांचा मृत्यू 1689 चा. मध्ये एकशेवीस वर्षं. त्या प्रतिमेवर नाटकं झाली, गोष्टी झाल्या, लोकांनी त्या उचलून धरल्या. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र 1960 मध्ये आलं आणि मूळ कागदांपुढे ती प्रतिमा टिकली नाही. 1950 साली आवृत्त्या मोजून पुस्तक निवडणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

रमा_वाचते

उदाहरण अर्धंच दिलंत. बेंद्रे 1960 ला आले, पण घराघरांत संभाजी महाराज बदलले ते 1979 च्या 'छावा' कादंबरीमुळे. मधली एकोणीस वर्षं बेंद्र्यांचा ग्रंथ किती जणांनी उघडला? कादंबरी हे इतिहासाचं दार आहे. ते बंद करून तुम्ही वाचकाला कुठून आत घेणार? राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड हातात द्या, तो तिसऱ्या पत्रावर झोपेल.

'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. शिवचरित्राचा विचार कसा करावा हे इतक्या थोड्या पानांत दुसरीकडे सापडणं कठीण. ती हजारो लोकांपर्यंत पोचली, कारण ती कादंबरीला जोडलेली होती.

दप्तरदार

रमाताई, राजवाडे द्या असं मी कुठे म्हटलं? कादंबरी वाचू नका असंही म्हटलेलं नाही. 'पुरे' या शब्दाशी माझं भांडण आहे.

सोपी रीत सांगतो. एक प्रसंग घ्या आणि तो तीन पुस्तकांत वाचा. पानिपतच घ्या. विश्वास पाटलांची 1988 ची कादंबरी, त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत' (आधी इंग्रजीत 1946 ला, मग मराठीत) आणि भाऊसाहेबांची बखर. तिन्ही सबंध वाचायची नाहीत, फक्त लढाईचा दिवस. साठ-सत्तर पानांचं काम आहे. कोण कुठून बोलतंय ते एका रविवारात कळतं. बखरकाराला घडलेल्याचा अर्थ लावायचाय. शेजवलकरांना रसद, वाटा, मैदान आणि माणसांची संख्या हवीये. कादंबरीला भाऊंच्या मनात शिरायचंय. हे एकदा लक्षात आलं की पुढचं प्रत्येक पुस्तक तुम्ही स्वतः जोखू शकता.

रमा_वाचते

रीत चांगली आहे. पण सामान्य वाचकाला रणांगणावरची संक्रांत जी भिडते ती कादंबरीतूनच. ऐन संक्रांतीच्या दिवशी लाख-सव्वा लाख माणसं पडली हे आकड्यांत वाचून कुणाच्या अंगावर काटा येणार?

तिथीवार

14 जानेवारी 1761 ला संक्रांत नव्हती.

संक्रांत निरयन गणिताने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याची जागा धरून येते, त्यामुळे इंग्रजी तारखेशी ती बांधलेली नाही. साधारण सत्तर वर्षांत ती एका दिवसाने पुढे सरकते. 1761 मध्ये ती आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी पडली. लढाईचा दिवस पौष शुद्ध 8, शके 1682, बुधवार. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हे आलंकारिक म्हणून चालेल. पण लेखक छावणीत त्या दिवशी सणाचं वर्णन करत असेल, तर त्याने आजची दिनदर्शिका बघून लिहिलंय, पंचांग बघून नाही.

अष्टमीचा आणखी एक उपयोग. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे पळणाऱ्यांना रात्रीच्या पहिल्या प्रहरांत अर्ध्या चंद्राचा उजेड, उत्तररात्री काळोख. पुस्तकातल्या त्या रात्री पूर्ण चंद्र असेल, किंवा संध्याकाळपासून मिट्ट अंधार असेल, तर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

रमा_वाचते

एका चंद्रावरून सहाशे पानं निकालात काढायची? अशी चाळणी लावली तर मराठीत वाचण्याजोगी ऐतिहासिक कादंबरीच उरणार नाही. वाचकाला घाबरवायचा हा धंदा बंद करा.

तिथीवार

निकालात काढा असं मी म्हटलेलं नाही. तारीख तपासणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ज्याने तिथी बघितली नाही, त्याने फौजेचा आकडा तरी पडताळला असेल का?

आणि तारखांचा गोंधळ कादंबऱ्यांपुरता नाही, इतिहासाच्या पुस्तकांतही भरपूर आहे. शक काढून इसवी सन करताना सरसकट 78 मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. शिवजन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551. 78 मिळवले तर 1629 येतं, बरोबर उत्तर 1630. ही चूक दिसली की लेखकाने जंत्री (तिथी-तारखांचं कोष्टक) उघडली नाही हे नक्की.

शुहूर सनात (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 599 मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत 600. पानिपतचं वर्ष कागदांत 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं: एक, साठ, शंभर, हजार. झाले 1161. त्यात 600 मिळवा. मोडी येत नसली तरी छापील पत्रसंग्रहात हे शब्द देवनागरीतच असतात, एक ते दहा आणि दशकांची अरबी नावं पाठ केली की झालं.

मांडवीकाठ

गोव्याकडून भर घालतो. सतराव्या शतकातल्या इंग्रज पत्रांच्या तारखा जुन्या (ज्युलियन) पद्धतीच्या, आजच्या गणनेपेक्षा 10 दिवस मागे. पोर्तुगीजांनी नवी (ग्रेगोरियन) पद्धत 1582 लाच घेतली. त्यामुळे सुरतेचं इंग्रज पत्र आणि गोव्याचं पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखा 10 दिवसांनी वेगळ्या. 1700 नंतर फरक 11 दिवसांचा. 1752 मध्ये ब्रिटनने 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर धरला, तिथे हे संपलं. म्हणून पानिपतच्या तारखेला दुरुस्ती लागत नाही, पण राज्याभिषेकाची 6 जून 1674 नव्या गणनेने 16 जून होते.

याचा पुस्तक निवडायला उपयोग असा: दोन्हीकडची साधनं वापरणाऱ्या लेखकाने 'तारखा अमुक पद्धतीने दिल्या आहेत' असं प्रस्तावनेत लिहायला हवं. लिहिलं नसेल तर 'पत्र पोचायच्या आधीच उत्तर आलं' असले चमत्कार त्या पुस्तकात सापडतात. पोर्तुगीज बाजू पिसुर्लेकरांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मध्ये मराठीतून आहे. मराठ्यांवर लिहिणाऱ्यांच्या संदर्भयादीत ते दिसत नाही तेव्हा खरंच वाईट वाटतं. गोवा म्हणजे यांना फक्त संभाजी महाराजांच्या स्वारीपुरता आठवतो.

जुना_बाजार

मंडळी, धाग्याचा विषय 'चांगलं पुस्तक कसं शोधावं' असा आहे. पस्तीस प्रतिसाद झाले, सगळे शके आणि चंद्रावर. रहस्यकथा, गूढकथा, विज्ञानकथा ही पुस्तकंच नाहीत का? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या वाचाव्यात अशा पंचवीस निवडायच्या तर कुठून? तळटीप नाही, समीक्षा नाही, पुष्कळांवर छपाईचं सालसुद्धा नाही. इतिहासवाल्यांना निदान सूची तरी असते.

आणि त्या प्रती संपत चालल्यात. स्वस्त कागद, तारेची शिवण. तार गंजते, कागद तिच्याभोवती तपकिरी होऊन तुटतो आणि पहिलं पान आधी जातं, ज्यावर जे काही साल असतं ते. कुणी स्कॅन करणार असेल तर पुस्तक सपाट दाबू नका, कणा मोडतो. नव्वद अंशांत उघडून वरून फोटो घ्या. तार काढायची तर मधल्या पानाच्या बाजूने टाचा उचलून काढा, ओढू नका.

ग्रंथपेटी

जुना_बाजार, निवडायचं साधन वाचनालयात आहे आणि कुणी बघत नाही. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी.

शिक्के किती यापेक्षा ते कसे पसरलेत ते बघायचं. पहिल्या दोन वर्षांत साठ शिक्के आणि मग कोरं, म्हणजे गाजलं आणि विसरलं. वर्षाला पाच-सहा, पण वीस वर्षं सलग, म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगितलेलं पुस्तक. चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवली असेल तर खालचीही उचलून बघा. इतिहासाच्या कपाटात शिक्के थोडेच असतात, तिथे वर्षाला एक असला तरी पुष्कळ. संगणकावर देवघेव सुरू झाली तिथे चिठ्ठ्या बंद झाल्या, पण जुन्या प्रतींवर त्या अजून आहेत.

अडचण एकच. सर्वांत जास्त वाचलेली प्रत आधी फाटते आणि जीर्ण म्हणून बाद होते. रहस्यकथा याच मार्गाने गेल्या. दाखल नोंदवहीत मात्र नाव, साल, किंमत राहते. ती बघू द्यायला ग्रंथपाल सहसा नाही म्हणत नाहीत. अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांची सालं लावायची तर ती वही पुस्तकापेक्षा भरवशाची.

दप्तरदार

चिठ्ठीचा मुद्दा उत्तम. पण लोकप्रियता मोजायचा तोही एक प्रकारच झाला. मग आवृत्तीवाल्यांना मी का रागावलो?

ग्रंथपेटी

आवृत्तीत प्रकाशकाने छापलेलं कळतं, चिठ्ठीत वाचकाने घरी नेलेलं कळतं. एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

जुना_बाजार

आणि लेखकाच्या नावाचं दडपण नको असेल तर दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. गूढ आणि विस्मयाच्या कथांसाठी 'नवल'चे जुने अंक. कथा आधी वाचायची, नाव नंतर बघायचं, पटली तरच त्या लेखकाचा संग्रह शोधायचा. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांनी नाव न ओळखता पहिलं बक्षीस दिलं. वाचकाने स्वतःला अशीच सवय लावावी.

गूढकथाकार नारायण धारपांबद्दल एक सूचना: त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा आणि स्वतंत्र कादंबऱ्या यांची चव वेगळी आहे. एक आवडली नाही म्हणून दुसरी सोडू नका.

रमा_वाचते

संक्रांतीचं मान्य. मी पंचांग बघितलं नव्हतं आणि आजवर लोकांना चुकीचं सांगत आले. पण मूळ मुद्दा सोडत नाही. इथे तीन अभ्यासकांनी मिळून चाळीस प्रतिसादांत नव्या वाचकाला एकही पुस्तक 'हे आधी घे' म्हणून हातात दिलेलं नाही. त्या सल्ला देणाऱ्याने निदान नाव तरी सांगितलं होतं.

दप्तरदार

हे लागलं, आणि बरोबर आहे. मग ठोस सांगतो. पानिपतवरची कादंबरी आधी, ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. तिच्यामागून शेजवलकर. त्यांचं निधन 1963 चं, साठ वर्षांची मुदत संपली, त्यामुळे 1 जानेवारी 2024 पासून त्यांचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाई 1959 ला गेले, त्यांची 'मराठी रियासत' त्याआधीच मोकळी झाली. मात्र नंतरच्या संपादकांच्या टिपा मोकळ्या नाहीत. स्कॅन उतरवताना नकाशे बघून घ्या. घडीचे नकाशे न उलगडताच स्कॅन केलेले असतात आणि पानिपत नकाशाशिवाय वाचणं म्हणजे अर्धं पुस्तक सोडणं. शोधताना नावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, जुन्या स्कॅनांची नावं वाटेल तशी नोंदवलीत.

नवा_वाचक

तो सल्ला मलाच दिला होता. दुकानात दहा मिनिटं असतील तर नेमकं काय बघू?

तिथीवार

शेवटून उघडा. सूची, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पानावर ते सांगणारी यादी, आहे का बघा. मग संदर्भ: नुसती साठ पुस्तकांची यादी असेल तर तिचा उपयोग नाही, मजकुरात पानाचा आकडा हवा. नंतर तुम्हाला माहीत असलेला एक प्रसंग काढा आणि तो कुणी सांगितलाय हे लेखक सांगतो का ते बघा. कधी कधी तीन पुस्तकांचे दाखले असतात, पण तिघांनीही एकाच बखरीवरून उतरवलेलं असतं. तो साक्षीदार एकच धरायचा.

रमा_वाचते

कादंबरी घेताना आधीची पानं बघ. काही पुनर्मुद्रणांत प्रस्तावना गाळतात. 'श्रीमान योगी' घेशील तेव्हा कुरुंदकर आत आहेत ना, हे पैसे देण्याआधी बघून घे.